पहिले विणकाम: मफलर अर्धवट राहिला, आता कोणत्या लहान वस्तू विणाव्यात?

नवखी

नमस्कार. मी पुण्यात राहते आणि गेल्या दोन महिन्यांपासून दोन सुयांचे विणकाम शिकते आहे. धाकट्या बहिणीला फेब्रुवारीत बाळ होणार असून तिच्या बाळंतविड्यात माझ्या हाताने विणलेली निदान एक वस्तू असावी, एवढीच माझी इच्छा आहे. आईला विणकाम येत नाही. आजीला उत्तम येत असे, पण तिच्याकडून शिकून घ्यावे असे वाटण्याइतकी मी मोठी झाले तेव्हा ती राहिली नव्हती. तिच्या ॲल्युमिनियमच्या सुयांच्या तीन जोड्या मात्र एका कापडी पिशवीत सापडल्या. त्यांच्या टोप्यांवर ८, १० आणि १२ असे आकडे आहेत.

सगळ्यांनी सांगितले की पहिल्यांदा मफलर विणायला घे, कारण त्यात सरळच तर विणत जायचे असते. मी एका दुकानातून जाडसर ॲक्रिलिक लोकर आणली, मोठा आकडा म्हणजे जाड सुई असे गृहीत धरून १२ नंबरची जोडी निवडली आणि ३० टाके घातले. विणलेला भाग पुठ्ठ्यासारखा ताठ झाला. वीतभर विणून झाल्यावर मोजले, तर ३० टाक्यांचे ३७ झालेले होते आणि मफलर वरच्या बाजूला पंख्यासारखा फाकलेला होता. ४० से.मी. झाल्यावर माझा धीर सुटला आणि ते सगळे सुईसकट कपाटात गेले.

माझी विचारणा अशी आहे की नवशिक्या व्यक्तीने आरंभी कोणत्या लहान वस्तू कोणत्या क्रमाने विणाव्यात, सुया आणि लोकर यांखेरीज कोणते साहित्य खरोखर लागते, आणि टाके आपोआप वाढतात कसे?

उलटसुलट

तुमचे टाके आपोआप वाढलेले नाहीत आणि तुमच्या हातांतही दोष नाही. पहिली वस्तू म्हणून मफलर सुचवणाऱ्यांशी माझे जुने भांडण आहे, त्यामुळे हा प्रतिसाद लांबणार आहे.

मफलरमध्ये टाके एकदाच घालायचे आणि एकदाच बंद करायचे असतात. या दोन टोकांच्या मध्ये दीड मीटर एकच एक काम असते. नवशिक्याला अडचण येते ती नेमकी टोकांशी. घातलेले टाके फार घट्ट होतात, बंद केलेली कड आवळली जाते, दोऱ्याची टोके कशी लपवायची ते कळत नाही आणि दोन कडा एकमेकींना शिवायच्या कशा हेही ठाऊक नसते. मफलर विणणाऱ्याच्या वाट्याला हा सराव महिन्या-दोन महिन्यांतून एकदा येतो. हाताएवढ्या पाच वस्तू विणणाऱ्याला तो त्याच काळात पाच वेळा मिळतो, आणि एखादी वस्तू बिघडलीच तर दोन संध्याकाळींपलीकडे नुकसान होत नाही.

आता सुयांविषयी. आपल्याकडच्या सुयांवर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे क्रमांक असतात आणि त्यांत आकडा वाढतो तशी सुई बारीक होत जाते. ८ नंबरची सुई ४ मि.मी. जाडीची, १० नंबरची ३.२५ मि.मी. आणि १२ नंबरची २.७५ मि.मी. असते. म्हणजे आजीच्या पिशवीतली सर्वांत बारीक जोडी घेऊन तुम्ही जाड लोकर विणलीत, आणि पुठ्ठा झाला तो त्यामुळे. ८ नंबरची जोडी काढा. लोकरीच्या वेष्टनावर बहुधा सुईची जाडी मि.मी.मध्ये छापलेली असते. ती आधी पाहावी आणि मग दुकानदाराचे ऐकावे. ‘चार प्लाय’ या शब्दांवर मात्र विसंबू नका. प्लाय म्हणजे दोऱ्यातले पेड. चार बारीक पेडांचा दोरा दोन जाड पेडांच्या दोऱ्याहून बारीक असू शकतो.

टाके वाढण्याची दोन कारणे असतात आणि विणलेला भाग पाहून ती ओळखता येतात. कड फाकलेली असेल, तर ओळीच्या आरंभी दोरा सुईच्या वरून मागे ओढला गेला असे समजावे. तसे झाले की पहिल्या टाक्याचे दोन्ही पाय सुईवर चढतात, तो दोन टाक्यांसारखा दिसतो आणि आपण तो भाबडेपणाने दोनदा विणतो. दोरा सुईखालून मागे न्यावा. कडेऐवजी मध्येच लहान भोके दिसत असतील, तर विणता विणता दोरा पुढे आला, तसाच सुईवर पडला आणि पुढच्या ओळीत त्याचा टाका झाला. पहिल्या महिन्यात प्रत्येक ओळीच्या शेवटी टाके मोजावेत. हे कंटाळवाणे आहे, हे मला मान्य आहे, पण ३७ टाके उसवण्यापेक्षा ३० टाके मोजणे सोपे.

वस्तूंचा क्रम मी असा ठेवीन. सर्वांत आधी २० टाक्यांचा, सगळ्या ओळी सुलट, म्हणजे विणकामातल्या सर्वांत साध्या टाक्याने विणलेला चौकोन. असे विणल्यावर शेतातल्या सरी-वरंब्यासारख्या आडव्या उंचवट्यांच्या रेघा दिसतात आणि प्रत्येक वरंबा म्हणजे दोन ओळी, त्यामुळे ओळी मोजणे सोपे जाते. शिवाय हा भाग सपाट राहतो. एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट विणलेले कापड दिसायला सुबक असते, पण त्याच्या कडा गुंडाळल्या जातात, आणि नवशिक्या विणणारीला वाटते की आपलेच काहीतरी चुकले. तसे नसते. त्या विणीचा तो स्वभाव आहे.

दुसरी वस्तू म्हणजे जाड सुती दोऱ्याचे भांडी पुसण्याचे फडके, तेही तिरपे विणलेले. चार टाके घालावेत. दोन टाके विणावेत, सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यावा आणि उरलेले टाके सुलट विणावेत. प्रत्येक ओळीत हेच केले की दर ओळीला एक टाका वाढतो आणि कडेला जाळीची सुंदर किनार तयार होते. ४४ टाके झाले की उतरणीला लागावे: एक टाका सुलट, दोन टाके एकत्र, एक वेढा, पुन्हा दोन टाके एकत्र आणि बाकीचे सुलट. पुन्हा चार टाके उरले की बंद करावेत. वाढवणे आणि घटवणे अशा दोन्ही गोष्टी या एका फडक्यात शिकून होतात. तुमच्या मफलरमध्ये नकळत वाढलेला टाका इथे मुद्दाम वाढवायचा आहे, एवढाच फरक. सुती दोरा लोकरीसारखा ताणला जात नाही, त्यामुळे मनगटे दुखतात. एका बैठकीत अर्ध्या तासाहून अधिक विणू नये.

त्यानंतर केसपट्टी, बिनबोटांचे हातमोजे आणि शेवटी टोपडे. मोजमापे तुमचा चौकोन झाल्यावर सांगते. तो मोजल्याशिवाय सांगण्यात काही अर्थ नाही.

निफाडची थंडी

उलटसुलट यांचा अनुभव माझ्याहून मोठा आहे, तरीही मफलरची बाजू कोणीतरी मांडावी म्हणून लिहितो. मी निवृत्त झाल्यावर विणायला शिकलो आणि माझी पहिली वस्तू मफलरच होती. आमच्या निफाड भागात डिसेंबर-जानेवारीत पहाटे द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटवाव्या लागतात. अशा ठिकाणी मफलर ही अत्यंत उपयोगाची वस्तू आहे आणि त्या उपयोगाच्या ओढीनेच मी ती पूर्ण केली. शिवाय पहिल्या १५ से.मी.मधले टाके आणि शेवटच्या १५ से.मी.मधले टाके यांची तुलना करता येते. हात कसा बसत गेला, याचा तो मफलर म्हणजे लेखी पुरावाच आहे. लहान वस्तूंमध्ये हात बसण्याआधीच वस्तू संपते.

जाता जाता एक गोष्ट. घोंगडी मागावर होते आणि मफलर दोन सुयांवर, पण मराठीत दोन्ही ‘विणलेच’ जातात. माझ्या गावातले एक वृद्ध धनगर गृहस्थ माझे काम पाहून म्हणाले की यात उभा-आडवा धागा कुठे आहे, हा तर एकच धागा स्वतःभोवती फिरतो आहे. सुईच्या विणकामाची इतकी नेमकी व्याख्या मला कोणत्याही पुस्तकात मिळालेली नव्हती. एकच धागा असल्यामुळेच टोक ओढले की सगळे उसवते, आणि उसवता येते म्हणूनच चुकण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.

उलटसुलट

हात बसण्याचा मुद्दा मला मान्य आहे. ज्याला थंडी वाजते आहे, त्याने मफलर अवश्य विणावा. पुण्यातल्या मुलीला दीड मीटर ॲक्रिलिक गळ्याभोवती गुंडाळण्याची संधी वर्षातून किती दिवस मिळणार, एवढाच माझा प्रश्न आहे.

मिनेसोटावासी

सुयांच्या क्रमांकांविषयी एक पुरवणी जोडते, कारण मी या खड्ड्यात स्वतः पडले आहे. अमेरिकेत क्रमांक उलट दिशेने चालतात: आकडा वाढला की सुई जाड होते. इथली ८ नंबरची सुई ५ मि.मी.ची आणि १० नंबरची ६ मि.मी.ची असते. आपल्या ८ नंबरच्या, म्हणजे ४ मि.मी.च्या सुईला इथे ६ नंबर म्हणतात. मी सासूबाईंनी वहीत लिहून दिलेल्या कृतीनुसार १० नंबरची सुई वापरून बाळाचा मोजा विणला आणि तो माझ्या यजमानांच्या पायात आला. तेव्हापासून मी मि.मी.शिवाय दुसरी भाषा बोलत नाही. परदेशातील संकेतस्थळांवरच्या कृती वाचताना हे विशेष लक्षात ठेवावे. २००७ मध्ये सुरू झालेल्या रॅव्हलरी या विणकामाच्या संकेतस्थळावर विनामूल्य कृती भरपूर आहेत, परंतु कृती लिहिणारी व्यक्ती कोणत्या देशातली आहे, हे पाहिल्याखेरीज सुई उचलू नये.

साहित्याविषयी नवखी यांनी विचारले आहे, त्याला कोणी उत्तर दिलेले दिसत नाही. माझ्या मते बोथट टोकाची आणि मोठ्या नेढ्याची एक सुई, मोजपट्टी, कात्री आणि मध्यम आकाराची क्रोशाची सुई एवढे पुरे आहे. क्रोशाची सुई सुटलेला टाका वर उचलण्यासाठी लागते. टाक्यांवर खूण करण्यासाठी विकत मिळणाऱ्या रंगीत कड्यांऐवजी दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याचा फास पुरतो आणि ओळी मोजण्यासाठी कागदावर रेघा ओढल्या की झाले. मी पहिल्या वर्षी लोकरीपेक्षा डबे, पिशव्या आणि मोजणीयंत्रे यांवर अधिक पैसे घालवले आणि एकही वस्तू पूर्ण केली नाही. बांबूच्या सुयांची एक जोडी मात्र मी आवर्जून घ्यायला सांगेन. ॲल्युमिनियमवरून टाके सहज घसरतात आणि ते अनुभवी हाताला सोयीचे असते. नवशिक्याच्या हातातून मात्र ते सुटून खाली जातात. बांबू त्यांना थोडे धरून ठेवतो.

डावखुरा

मी डावखुरा आहे आणि सगळ्या चित्रफिती मला आरशात पाहिल्यासारख्या वाटतात. मी सुया उलट हातात धरून शिकावे का?

उलटसुलट

माझे मत असे आहे की तसे करू नये. विणकामात दोन्ही हात काम करतात. उलट हातांनी शिकलात तर टाके चालतील, पण प्रत्येक लिखित कृतीत डावे-उजवे मनातल्या मनात बदलावे लागेल, आणि घटवलेल्या टाक्यांचा कल विरुद्ध दिशेला जाईल. आठवडाभर सर्वांसारखेच धरून पाहा, हवे तर दोरा डाव्या बोटावर घ्या. तरीही हात ऐकत नसेल, तर खुशाल उलटे विणा.

नवखी

तीन आठवड्यांनी परत आले आहे. सर्वांचे मनापासून आभार.

मफलर उसवला. उसवलेली लोकर नूडल्ससारखी वेटोळी झाली होती. ती कोमट पाण्यात भिजवून, हलक्या हाताने पिळून, लडी करून दोरीवर वाळवली तेव्हा बरीच सरळ झाली. दोन फडकी विणली. पहिल्याला चारऐवजी पाच कोपरे आहेत, कारण उतरणीच्या ओळीत दुसऱ्यांदा दोन टाके एकत्र घ्यायला मी विसरत होते आणि टाके घटतच नव्हते. दुसरे फडके चौकोनी आहे आणि आईने ते भांडी पुसायला न वापरता फळांच्या टोपलीखाली अंथरले आहे, हे मी प्रशस्तिपत्रक समजते.

८ नंबरच्या सुईवर सगळ्या ओळी सुलट विणलेल्या चौकोनात माझे १० से.मी.मध्ये २० टाके बसतात. लोकरीच्या वेष्टनावर मात्र २२ टाके आणि २८ ओळी असे छापले आहे. माझे काही चुकले का?

उलटसुलट

काहीही चुकले नाही. वेष्टनावरचा आकडा एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा विणीचा असतो, आणि त्यातही प्रत्येक हाताची ओढ निराळी असते. आपण आपल्याच आकड्याने हिशेब करायचा. एका से.मी.ला दोन टाके, इतका सोपा आकडा तुम्हाला लाभला आहे.

केसपट्टीसाठी १६ टाके घालून ८ से.मी. रुंदीची पट्टी विणा. डोक्याचा घेर ५४ से.मी. असेल तर पट्टी ४८ से.मी. झाली की थांबा आणि दोन्ही टोके शिवा. विणलेले कापड ताणले जाते, म्हणून ते अंगाच्या मापाहून थोडे लहानच ठेवायचे असते. बरोबर मापाची टोपी किंवा पट्टी आठ दिवसांत सैल होऊन डोळ्यांवर येते.

हातमोज्यांसाठी ३२ टाके घाला. ही १६ से.मी. तुमच्या हातमोज्याची उंची होईल, रुंदी नव्हे. पंजाच्या घेराहून एक से.मी. कमी होईपर्यंत विणा, मग कापड आडवे फिरवून कडा शिवा आणि अंगठ्यासाठी ४ से.मी.ची फट मोकळी ठेवा. असे आडवे विणण्याचे कारण हे की सुलट ओळींचे कापड टाक्यांच्या दिशेपेक्षा ओळींच्या दिशेने अधिक ताणले जाते. तो ताण हाताभोवती यायला हवा, म्हणजे मोजा हातात शिरतो आणि घट्टही बसतो. दुसरा मोजा मोजपट्टीने न मोजता पहिल्याचे वरंबे मोजून विणा. एकसारख्या दोन वस्तू करणे ही स्वतंत्र विद्या आहे, आणि बाळाच्या पायमोज्यांकडे जाण्याआधी ती यायला हवी.

टोपड्यासाठी ३४ टाके घाला आणि २९ से.मी. लांबीची पट्टी विणा. पट्टी मधोमध दुमडून दोन्ही बाजू शिवल्या की घेर ३४ से.मी. होतो. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाचे डोके साधारण ३५ से.मी. असते. डोक्यावर घातले की वरचे दोन कोपरे मांजरीच्या कानांसारखे उभे राहतात. त्यात कोणतेही घटवणे नाही, गोल विणणे नाही.

नवखी

टोपडे झाले. बाळ अजून यायचे असल्यामुळे सोललेल्या नारळावर घालून पाहिले, व्यवस्थित बसले. बंद केलेली कड आधी इतकी घट्ट झाली होती की नारळ आतच जाईना. मग ती कड उसवून, टाके बंद करताना उजव्या हातात मुद्दाम जाड सुई घेतली आणि काम झाले. ही युक्ती मला कोणी सांगितली नव्हती, म्हणून इथे नोंदवते आहे. आता प्रश्न असा आहे की टोपड्याला हनुवटीखाली बांधण्यासाठी सॅटिनची फीत लावू का, आणि वर लोकरीचे गोंडे चालतील का?

मिनेसोटावासी

टोपड्याला फीत लावू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. नवजात बाळाच्या गळ्याजवळ दोरी, फीत किंवा बंद असू नये आणि तोंडात जाऊ शकेल असे बटण किंवा गोंडाही असू नये. बाळ घरात झोपलेले असताना टोपडे घालू नये, असे इथले बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण बाळाच्या शरीरातली बरीचशी उष्णता डोक्यावाटे बाहेर पडते, ती टोपड्याने अडली की बाळ जास्त तापते आणि टोपडे घसरून नाकावर येण्याचाही धोका असतो. आपल्याकडच्या काकू-मावश्यांना हे पटवणे सोपे नाही, याची मला कल्पना आहे. माझ्या सासूबाईंशी या एका विषयावर आमची तीन महिने बोलणी चालली होती.

उलटसुलट

गोंडे हवेच असतील तर बाळ वर्षाचे झाल्यावर दुसऱ्या टोपीला लावा. सध्या टोपड्याची आतली बाजू तपासा. बाळाच्या वस्तूत आतून सुटा दोरा किंवा लांब फास राहता कामा नये. पायमोज्यात तर तो बोटाभोवती आवळला जाऊन रक्तपुरवठा थांबू शकतो. ॲक्रिलिक दोरा गुळगुळीत असतो, त्यामुळे त्याला नुसती गाठ मारून कापला तर दोन धुण्यांत गाठ सुटते. टोक १५ से.मी. लांब ठेवून, बोथट सुईने वरंब्यांच्या आतून एका दिशेला पाच-सहा टाके आणि मग उलट दिशेला तितकेच टाके ओवावे आणि त्यानंतर कापावे. इस्त्री अजिबात करू नका. उष्णतेने ॲक्रिलिकचा फुगीरपणा कायमचा जातो आणि कापड मेल्यासारखे लुळे पडते. थंड पाण्यात धुऊन, टॉवेलवर सपाट पसरून सावलीत वाळवा.

नवखी

फीत काढून ठेवली. आतून दोन टोके खरोखरच सुटी होती, ती आता ओवली आहेत. बहिणीला टोपड्याचे छायाचित्र पाठवले, तेव्हा तिने विचारले की हे नारळाला का घातले आहे. उरलेल्या लोकरीचे वजन केले, ३५ ग्रॅम भरली. एवढ्यात पायमोज्यांची एक जोडी होईल का, की त्याच लोकरीचा दुसरा गुंडा रंग जुळतो आहे तोवर आणून ठेवू?

उलटसुलट

नवजात बाळाच्या पायमोज्यांना ३५ ग्रॅम पुरून उरतील. तरीही वेष्टनावरचा रंगणीचा क्रमांक पाहून दुसरा गुंडा आजच आणा, कारण रंगाचे नाव तेच असले तरी पुढच्या रंगणीतली छटा थोडी वेगळी येते आणि ती दुकानातल्या दिव्याखाली दिसत नाही. पायमोजे १० नंबरच्या सुईवर घ्या. कृती उद्या लिहिते.